पाइपातला बोळा

१

बुधवारी दुपारी चार वाजता बायकोने तिच्या कामाच्या खोलीचं दार उघडलं आणि फक्त "अहो" म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिचे सगळे "अहो" मला पाठ झालेत. हा त्यातला नव्हता.

बाहेर दोन तास पाऊस कोसळत होता. खोलीत पश्चिमेच्या भिंतीवरून पाणी सरसर खाली येत होतं, आणि त्याच भिंतीला लावून ठेवलेली वाचनालयाची एकशे बारा पुस्तकं भिजून फुगली होती. बायको पुस्तकबांधणी करते. खिळखिळी पुस्तकं तिच्याकडे येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. तिने वरचं एक उचललं, तर पुठ्ठा हातात आला आणि पानांचा लगदा जमिनीवर पडला. ती रडली नाही. टॉवेल आणायला गेली.

मी छत्री घेऊन बाहेर धावलो. आमचं छप्पर उतरतं आहे. कडेने पत्र्याची पन्हळ, आणि पन्हळीचं पाणी खाली आणणारा कोपऱ्यातला उभा पाइप. पन्हळ तुडुंब भरून भिंतीवर सांडत होती, आणि पाइपाचं खालचं तोंड? कोरडं ठणठणीत! आत पक्कड घातली आणि हिसका दिला. पाण्याचा लोट सरळ माझ्या बुटांत शिरला आणि पकडीत आला एक बोळा. पिवळ्या चादरीचा, निळ्या रेघांचा, घट्ट वळलेला.

ही चादर मी ओळखत होतो. अकरा दिवसांपूर्वी, शनिवारी, शिडीवाला आमची पन्हळ साफ करायला आला होता तेव्हा तिचे तुकडे आम्हीच त्याला दिले होते. पन्हळीतला गाळ उपसताना तो पाइपात जाऊ नये म्हणून पाइपाच्या वरच्या तोंडाशी बोळा बसवायचा आणि काम झालं की काढायचा, ही त्याची पद्धत. म्हणजे साहेब बोळा काढायला विसरले. झालं, चोर सापडला!

बोळा हातात धरून उभा असताना क्षणभर मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, हे आत्ताच सांगून टाकतो. पण माझा संताप माझ्या आठवणीपेक्षा नेहमीच चपळ. मी चाळीस वर्षं कारखान्यात मालाचा तपासनीस होतो. दुसऱ्याची चूक शोधायचाच मला पगार मिळायचा. गल्लीत मला "मोजपट्टी" म्हणतात, आणि मला वाटायचं ते कौतुकाने म्हणतात.

पाच वाजता पाऊस थांबला. मी शिडीवाल्याला बोलावून घेतलं. तो दहा मिनिटांत आला, ओल्या पायांनी. त्याला आत ये म्हटलं नाही. फाटकापाशी, चार घरांच्या खिडक्यांसमोर, त्याच्या नाकाशी तो बोळा नाचवला.

"हे काय आहे? डोळे आहेत की बटणं? कामचुकार लेकाचा! माझ्या बायकोचं नाव बुडवलंस तू!"

अठरा वर्षं ज्याला "अहो" म्हणत आलो, जो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला मी भर गल्लीत अरे-तुरे केलं. त्याने बोळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, एकदा नीट आठवून बघा," एवढंच म्हणाला.

"मला आठवायला सांगतोस? मला?"

तो गेला. मी घरात येऊन शाळेच्या समितीला पत्र लिहिलं. त्या समितीचा मी सचिव. शाळेच्या छपराचं काम अठरा वर्षं शिडीवाल्याकडे होतं. ते त्याच्याकडून काढून घ्यावं, रविवारच्या बैठकीत ठराव करावा, असं मी मुद्देसूद लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

बायकोने माझ्या हातातला बोळा घेतला. तो उलगडला नाही. तसाच स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला. मग तिने फोन उचलला आणि माझ्या बहिणीला म्हणाली, "ताई, दोन दिवस येता का? इथे एक तपास करायचा आहे."

२

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं विमा कंपनीत होती. कुठे आग लागली, छत कोसळलं, माल भिजला की नुकसान खरं किती आणि झालं कसं, हे बघायला हिला पाठवत. तिच्यापुढे भले भले व्यापारी घाम पुसत बसायचे.

शुक्रवारी सकाळी आली, चहा घेतला, आणि चपला न काढता सरळ अंगणात गेली.

"तपास कसला करायचाय त्यात?" मी म्हटलं. "उघड आहे सगळं."

"उघड आहे ना? मग झाकायची घाई कशाला करतोस, छोट्या?" ती मला अजून छोट्या म्हणते. मी चौसष्ट वर्षांचा आहे. "शिडीवाल्याने शनिवारी काम संपवलं तेव्हा तू होतास?"

"होतो तर. मीच बादली ओतायला लावली. वरून बादली ओतली, खालून भसाभस पाणी आलं."

"म्हणजे तेव्हा पाइप मोकळा होता."

मी थबकलो. "हो, पण... नंतर परत वर जाऊन काहीतरी पुसत होता तो. तेव्हा राहिला असेल."

"असेल. आणि शनिवारनंतर पावसापर्यंत शिडीवर कोण चढलं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं.

का बोललो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी शिडीवरून पडलो. खांद्याचं हाड मोडलं. बायकोने तीन महिने मला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि शेवटी एकच मागितलं, पुन्हा शिडीला हात लावायचा नाही. मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. आणि शिडीवाला गेल्यानंतरच्या मंगळवारी, बायको वाचनालयात गेलेली असताना, मी शिडी काढली. त्याचं काम तपासायला! दुसऱ्याचं काम पुन्हा तपासल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, ही माझी जुनी खोड. वर गेलो, चक्कर आल्यासारखं झालं, तेवढ्यात फाटक वाजलं आणि मी उतरलो. कोणी पाहिलं नाही. त्याचा या बोळ्याशी काय संबंध? नवरा-बायकोमधली बारीकशी गोष्ट, ती बहिणीला कशाला सांगा, असा मी विचार केला. बायको शेजारीच उभी होती.

ताई पाइपाकडे बघत होती. छपराच्या कडेपासून भिंतीपर्यंत पाइपाला दोन बाक होते, मग सरळ खाली, आणि जमिनीपासून वीतभर वर शेवटचा बाक.

"बोळा कुठे होता?"

"इथे. खालच्या बाकात."

ताईने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पदराने चष्मा पुसला.

"छोट्या, तुझा शिडीवाला छपरावर काम करतो. पण हा बोळा वरून आलेलाच नाही."

३

"सिद्ध करून दाखव," मी म्हटलं. हरणारा माणूस असंच म्हणतो.

"दाखवते ना. त्या चादरीचे तुकडे उरलेत का? अगदी तसाच एक बोळा करून दे मला. तुझ्याइतकं मापात कोण करणार?"

मी कोठीतून तुकडा आणला आणि झकास बोळा करून दिला. ताईने हातात घेऊन तोलला, "वा," म्हणाली. मेहुण्याला वर चढवलं. बायकोचा हा धाकटा भाऊ आमच्या मागच्या खोलीत राहतो. त्याने वरून बोळा टाकला. पहिल्याच बाकात अडकला. काठीने ढोसला, तर आणखी घट्ट बसला. बादली ओतली, पाणी वरच तुंबलं. शेवटी त्याने तो हुकाने ओढून काढला.

"वरचे दोन बाक ओलांडून तो खाली येऊच शकत नाही," ताई म्हणाली. "कोणीतरी जमिनीवर उभं राहून खालून कोंबलाय." तिने माझा ओला बोळा पिळला नाही, उलगडलाही नाही. पिशवीत टाकून दिला.

मला हायसं वाटायला हवं होतं, कारण खालून कोंबणारा कोणीही असू शकतो. मी लगेच मेहुण्याकडे पाहिलं. महिनाभर तो कुरकुरत होता की खिडकीशेजारच्या पाइपात पाखरं खरखर करतात, पहाटे झोपमोड होते.

"माझ्याकडे काय बघता, भाऊजी?" तो वरूनच म्हणाला. "शनिवारी घरटं काढलं, पाखरं गेली. आता उठवायला कोणी नाही म्हणून मला रोज उशीर होतो. साहेबाच्या शिव्या खातोय, विचारा हवं तर."

"दिवसा कुठे असतोस?" ताईने विचारलं.

"सहापर्यंत कचेरीत. का?" तो उतरला, शिडीला टेकून उभा राहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "एक गंमत सांगू का? आज शिडी काढायला गेलो, तर ती उलटी टांगलेली होती. मी नेहमी पाय भिंतीकडे करून टांगतो. ही कोणीतरी घाईत अडकवलीय."

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी उगाच बादली विसळायला घेतली.

"शेजारी कोण राहतं?" ती म्हणाली.

"घड्याळजी," मी घाईघाईने सांगितलं. "त्याचं आणि आमचं वाकडं आहे. आमच्या पाइपाचं पाणी त्याच्या अंगणात जातं म्हणून दोन वर्षं भांडतोय. ताई, त्याचंच काम असणार हे!"

मी किती उत्साहाने दुसऱ्याचं नाव पुढे करत होतो, ते आज आठवलं की मान खाली जाते.

४

घड्याळजी व्हरांड्यात टेबल टाकून काम करत होता. डोळ्याला भिंग, पुढ्यात कोणाचंतरी मनगटी घड्याळ आतडी काढून ठेवल्यासारखं पसरलेलं.

"पाणी? छे हो," तो ताईला म्हणाला. "भांडण मिटलं ते. यंदा मी वांगी लावलीत. तुमच्या भावाच्या पाइपापासून माझ्या वाफ्यापर्यंत पाट खणलाय, चला बघा. मी त्या पाण्याची वाट बघत बसलोय, आणि मीच ते बंद करू? आम्ही काय बोळ्याने दूध पितो?"

खरंच पाट होता, विटांचे तुकडे लावून केलेला. भांडण मिटल्याचं मला त्याने सांगितलं नव्हतं, कारण मी त्याच्याशी बोलतच नव्हतो.

"शनिवारी शिडीवाल्याने बादली ओतली, तेव्हा या पाटात पाणी आलं?"

"आलं ना. पहिली दोन रोपं वाहून गेली. मी ओरडलो, तो खाली येऊन माती सारखी करून गेला. सज्जन माणूस आहे." हे म्हणताना घड्याळजीने माझ्याकडे भिंगातून पाहिलं. "पण त्यानंतरच्या मंगळवारी मात्र आलं नाही."

"मंगळवारी काय?"

"मंगळवारी परत कोणीतरी वर बादली ओतली. आवाज आला. मी मुद्दाम पाटाकडे बघत बसलो, तर थेंब नाही. म्हटलं, असं कसं? पाणी गेलं कुठे?"

ताई खुर्चीच्या कडेला सरकली. "माणूस दिसला?"

"भिंतीआड होता. फक्त शिडीचं टोक दिसलं, उन्हात चमकत होतं."

"चमकत?"

"ॲल्युमिनियमची ना. शिडीवाल्याची बांबूची आहे, ती कशाला चमकेल?"

"वेळ आठवते का हो?"

घड्याळजीला अपमान झाल्यासारखं वाटलं. "बाई, मी घड्याळं दुरुस्त करतो. पाचला वीस कमी."

आम्ही रस्त्यावर आलो. ताई शांतपणे चालत होती. आमच्या फाटकाशी थांबून ती म्हणाली, "बादली वरून ओतली, आणि खाली थेंब आला नाही. म्हणजे ओतण्याआधीच पाइप खालून बंद केलेला होता. मुद्दाम. छोट्या, मंगळवारी पाचला वीस कमी असताना तुझ्या छपरावर कोण होतं रे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत?"

५

शनिवारी सकाळी ती मला शिडीवाल्याच्या घरी घेऊन गेली. मी नाही म्हणत होतो. "आरोप तुझा आहे ना? मग चल," म्हणाली.

दोन खोल्यांचं घर. तो उंबऱ्याबाहेर बसून शिडीची सैल पायरी सुतळीने आवळत होता. आम्हाला पाहून उठला, ताईला स्टूल दिलं. मलाही दिलं. त्याच्या बायकोने ताईला पाणी दिलं आणि माझा पेला स्टुलाशेजारी जमिनीवर ठेवला.

"तुमचे बोळे दाखवता?" ताई म्हणाली.

त्याने पिशवीतून सहा बोळे काढले. आमच्याच चादरीचे चार होते. प्रत्येकाच्या टोकाला लाल दोरी बांधलेली, हातभर लांब.

"ही दोरी कशाला?"

"बोळा पाइपात बसवला की दोरीचं दुसरं टोक शिडीच्या वरच्या पायरीला बांधायचं. शिडी हलवली की बोळा निघालाच. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही." तो ओशाळं हसला. "तरुणपणी एकदा विसरलो होतो. एका घरचं धान्य भिजलं. तेव्हापासून."

"मग हे बुधवारी का नाही सांगितलं?"

"विचारलं कुठे कोणी, ताई?"

साधाच बोलला. चिडून बोलला असता तर मला भांडता आलं असतं. भिंतीच्या फळीवर कपाखाली शाळेची चिठ्ठी दाबून ठेवली होती, "रविवारी दहा वाजता समितीपुढे हजर राहावे." माझंच अक्षर.

"शाळेचं गेलं तर किती फरक पडेल?" ताईने विचारलं.

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "शाळेने ज्याला ठेवलं त्याला गल्ली बोलावते. शाळेने काढलं की सगळ्यांनीच काढलं. परवापासून दोन घरांनी नको म्हणून कळवलंय." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "लोक चोर म्हणत नाहीत हो. विसराळू झालाय, म्हातारा झालाय म्हणतात. छपरावर चढणाऱ्याला तेवढं पुरतं."

मी तो पेला उचलला आणि न पिताच पुन्हा जमिनीवर ठेवला. आम्ही परतलो. घराच्या पायरीवर ताई म्हणाली, "तपास संपला. आत चल."

६

स्वयंपाकघरात बायको ओल्या पुस्तकांच्या पानांत टिपकागद घालत बसली होती. तीन दिवस तेच चाललं होतं. एकशे बारातली चाळीस वाचतील असं तिला वाटत होतं.

ताईने खिडकीतला वाळलेला बोळा उचलून टेबलावर ठेवला. मग पिशवीतून दुसरा काढला, काल मी करून दिलेला, आणि त्याच्या शेजारी ठेवला.

जुळी भावंडं. चार पदरी घडी, मग कोपऱ्यापासून तिरकं वळलेलं, आणि शेवटचं टोक आत खोचलेलं, दोन बोटं बरोबर.

"शिडीवाल्याचे सहा बोळे तू आत्ताच पाहिलेस," ताई म्हणाली. "चुरगळून गोळा केलेले, गाठ मारलेले. हा असा कोण वळतो?"

मी वळतो. कारखान्यात मापाची हत्यारं पुसायचं फडकं असंच वळायचं असतं, म्हणजे धागा सुटत नाही. चाळीस वर्षं वळलं. या गल्लीत तसं दुसरं कोणी वळत नाही.

"खालून पाइप बंद करायचा, वरून पाणी भरायचं, आणि सांधे गळतात का बघायचं," ताई म्हणाली. "ही काही खोडी नव्हे, चाचणी आहे. पाखरांना कंटाळलेला माणूस बादली ओतत बसत नाही. पाणी नको असलेला शेजारी तर नाहीच नाही. दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा तपासणारा या गल्लीत एकच माणूस आहे. आणि वहिनी, तुम्ही मंगळवारी किती वाजता आलात?"

"पावणेपाचला," बायको मान वर न करता म्हणाली. "पुस्तकांची गाडी घेऊन. हे धापा टाकत फाटकाशी आले. इतके प्रेमाने मदतीला आले की मला नवल वाटलं. सगळी पुस्तकं यांनीच आत नेली, आणि यांनीच त्या भिंतीला लावली."

मी खुर्चीत बसलो. मंगळवार पुरा समोर आला. मी वाकून बोळा कोंबला होता, चांगला अंगठ्याने दाबला होता. एक बादली घेऊन चढलो, ओतली, भोवळ आली, फाटक वाजलं. मग डोक्यात एकच राहिलं, हिला कळता कामा नये. शिडी लपवली, बादली लपवली, ओल्या बाह्या खाली केल्या. बोळा तिथेच राहिला. दुसऱ्याच्या कामात खोट शोधायला गेलो आणि जी नव्हती ती स्वतःच्या हाताने करून आलो.

"मला आठवत नव्हतं," मी म्हणालो.

"कधीपर्यंत?" ताईने विचारलं.

या प्रश्नाला उत्तर देणं मला आयुष्यात सगळ्यात जड गेलं. कारण बुधवारी, पक्कड सोडून बोळा हातात घेतला तेव्हा, माझ्या अंगठ्याने ते खोचलेलं टोक ओळखलं होतं. क्षणभरच, पण ओळखलं होतं. मी ते ढकलून दिलं आणि ओरडायला लागलो. जितका ओरडलो तितकं ते दूर गेलं. शुक्रवारी ताईने बादलीचा हिशेब सांगितला तेव्हा तर मला सगळं ठाऊक होतं, तरी "मला काय माहीत" म्हणालो. आणि शनिवारी त्या माणसाच्या दारात बसून त्याचं पाणी हातात घेतलं.

हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं. लाज वाटते म्हणजे काय होतं ते तेव्हा कळलं. कान गरम होतात, आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकवत नाही.

"तुला कधी कळलं?" मी बायकोला विचारलं.

"बोळा तुमच्या हातून घेतला तेव्हाच. इतकी वर्षं घरातली फडकी तुम्ही तशीच वळून ठेवता."

"मग बोलली का नाहीस?"

तिने टिपकागद खाली ठेवला. "मी बोलले असते तर तुम्ही कबूल केलं असतंत, माझ्यापुरतं. त्या माणसाचं काय? ताईंना बोलावलं, तरी त्या येईपर्यंत तुम्ही आपणहून बोलाल म्हणून वाट पाहिली. बुधवार गेला, गुरुवार गेला. तुम्ही बोलला नाहीत." तिने समोरचं भिजकं पुस्तक बाजूला सारलं. "पुस्तकं भिजली त्याचं मी बघून घेईन. पण त्याला अरे म्हणताना तुम्ही जसे दिसत होतात, ते मला विसरता येईना."

७

रविवारी दहा वाजता शाळेच्या कार्यालयात सात माणसं होती. शिडीवाला दाराशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. मुख्याध्यापिकाबाईंनी माझं पत्र उचललं.

"थांबा," मी म्हटलं, आणि उभा राहिलो. खिशातून बोळा काढून टेबलावर ठेवला. आदल्या दिवशी कागदावर चांगली चार वाक्यं लिहून आणली होती. कागद काढलाच नाही.

"हा बोळा मी कोंबला. यांचं काम चोख होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. मी बायकोला दिलेला शब्द मोडून शिडीवर चढलो, ते लपवलं, आणि ते लपलेलं राहावं म्हणून यांच्यावर ढकललं. ते पत्र खोटं आहे. ही सगळी माझी चूक आहे, आणि मी ती चार दिवस तोंड दाबून ठेवली."

कोणीतरी खोकलं. घड्याळजीही समितीत आहे, त्याने उगाच मनगटावर बघितलं. मी शिडीवाल्याकडे वळलो. फाटकापाशी जितक्या मोठ्याने बोललो होतो तितक्याच मोठ्याने म्हणालो, "तुम्ही मला माफ करा. अरे-तुरेबद्दलही."

सचिवपद मी तिथेच सोडलं. काम त्याच्याकडेच राहिलं, एकमताने. दोन्ही घरांना मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः फोन केला.

बाहेर जिन्यात तो माझी वाट बघत उभा होता.

"मी बुधवारीच ओळखलं होतं, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या कोठीत मी अठरा वर्षं फडकी बघतोय. सगळी तशीच वळलेली."

"मग तिथेच का नाही बोललात? चार माणसांत?"

"चार माणसांत तुमची अब्रू कशी घेऊ? नीट आठवून बघा म्हटलं. म्हटलं, आठवेल, येतील."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. नाक पुसून विचारलं, "पुढच्या वर्षी पन्हळीला याल ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "राग नाही हो. पण तुमच्या घरी शिडी लावली की माझा हात थरथरणार. थरथरत्या हाताने मी वर चढत नाही." मग त्याने खिशातून लाल दोरीची गुंडाळी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही घ्या. एक टोक बोळ्याला, दुसरं शिडीला. घाई असली तरी बांधायची."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आमची पन्हळ आता मेहुणा साफ करतो. मी खाली शिडी धरून उभा असतो. हिने तेवढी परवानगी दिली आहे. काम झालं की मेहुणा विचारतो, "भाऊजी, तपासायचंय का?" मी नाही म्हणतो. दोरी मात्र मी स्वतः बांधतो, दोन्ही टोकं.

शिडीवाला अधूनमधून खांद्यावर बांबूची शिडी घेऊन आमच्या फाटकावरून जातो. मी व्हरांड्यात असलो तर उठून उभा राहतो. तो मान हलवतो आणि पुढच्या घरी जातो.